बाटल्या धुणाऱ्या पोरांचा धातू

दिवाळीच्या आधीचे चार दिवस आमच्या घरात भांड्यांचे असतात. माळ्यावरून पितळी परात उतरते, तांब्याचा बंब उतरतो, देवघरातल्या समया निघतात. मग चिंच आणि राख घेऊन घरातली बायामाणसे त्यांच्यामागे लागतात. दुपारपर्यंत अंगणात नुसते सोने सांडल्यासारखे दिसते. त्याच अंगणाच्या एका कडेला स्टीलचे डबे नुसत्या पाण्याने विसळून पालथे घातलेले असतात. त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ते वर्षभर चकचकीत असतात, म्हणून दिवाळीत त्यांचे कौतुक नाही. माणसांच्या घरातही असेच चालते, पण ते असो.

त्या डब्यांतला एक डबा मात्र आई स्वतःच्या हाताने पुसते. त्याची हकीकत सांगतो. मी सहासात वर्षांचा असेन. आम्ही तेव्हा मुंबईत गिरणगावातल्या चाळीत राहत होतो. १९८२ चा गिरण्यांचा संप होऊन गेला होता आणि वडिलांची गिरणी पुन्हा उघडलीच नव्हती. एके दिवशी दुपारी गॅलरीत बोहारीण आली. आईने ट्रंकेतून वडिलांचे गिरणीत जायचे चार सदरे आणि दोन विजारी काढल्या. तासभर घासाघीस झाली. बोहारीण उठून निघाली, जिन्यापर्यंत गेली, परत आली; आणि शेवटी ते कपडे देऊन आईने एक झाकणाचा डबा घेतला. आजी म्हणाली, "ह्या मेल्याला वजनच नाही. पितळ ते पितळ." वडील काही बोलले नाहीत. त्यांनी डबा हातात घेतला, उजेडात फिरवून पाहिला आणि परत आईच्या हाती दिला. पुढे आम्ही कोकणात गावी आलो. सदरे गेले, गिरणी गेली, आजी गेली, वडीलही गेले. डबा आहे. त्यात अजून दिवाळीचा चिवडा भरतात आणि त्याच्यावर गंजाचा एक ठिपका नाही.

इतकी वर्षे हा डबा डोळ्यांसमोर असूनही तो का गंजत नाही, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला सातवीतल्या एका मुलीला. गेल्या वर्षी विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या म्हणून मला बदलीच्या तासाला पाठवले होते. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस, जमेल तेव्हा कादंबऱ्या लिहिणारा. माझी स्वतःची पाटी मॅट्रिकपाशीच थांबलेली. मी मुलांना गोष्ट सांगायच्या बेतात होतो, तेवढ्यात ती उठून म्हणाली, "सर, आमच्या घरची विळी गंजते. मग जेवायचं ताट का गंजत नाही? दोन्ही लोखंडच ना?"

मी म्हणालो, "बाई आल्या की त्यांना विचार." ती खाली बसली. पण तिच्या चेहऱ्यावरचा विरस मला दिसला. बाई परत आल्यावर मीच त्यांना गाठले. त्या हसून म्हणाल्या, "ताटात क्रोमियम असतं, सर." एवढे बोलून त्या तासाला गेल्या आणि मी मात्र त्या चार अक्षरांच्या मागे वर्षभर हिंडलो. ते हिंडणे इतके मौजेचे झाले की एकट्याने ठेवून घ्यावेसे वाटत नाही. म्हणून यंदा फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो आहे.

गोष्ट सुरू होते ती रशियात, उरल पर्वतात. येकातेरिनबुर्ग शहराजवळ बेर्योझोव्स्की नावाची सोन्याची खाण आहे. तिथे सोन्याच्या शोधात खणताना कामगारांना लालभडक, चकाकणारे स्फटिक सापडत. योहान लेहमान नावाच्या जर्मन खनिजतज्ज्ञाने १७६१ च्या सुमारास ते पाहिले आणि त्यात शिसे आहे हे ओळखले. त्याचे नाव पडले सैबेरियाचे तांबडे शिसे. १७७० मध्ये पीटर पालास हा प्रवासी निसर्गशास्त्रज्ञ त्या बाजूला गेला. ह्या लाल दगडाची पूड केली की ती लाल राहत नाही, केशरी-पिवळी होते आणि तिचा सुरेख रंग बनतो, ही बातमी युरोपभर झाली. मग काय विचारता! पॅरिसच्या चित्रकारांना तो रंग हवा, श्रीमंतांच्या कपाटांना ते खडे हवेत. हजारो कोसांवरून दगड येऊ लागले. रंगाचे मोल झाले. पण त्या दगडात शिशाखेरीज आणखी काय दडले आहे हे कोणालाच सांगता येईना. कोणी म्हणे लोखंड, कोणी म्हणे आणखी काही.

ते सांगणारा माणूस नॉर्मंडीतल्या एका खेड्यात, १६ मे १७६३ रोजी, एका गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मला. लुई निकोला व्होक्लँ त्याचे नाव. लहानपणी बापाबरोबर शेतात राबला. चौदाव्या वर्षाच्या सुमारास रूआँ शहरात एका औषधविक्याकडे कामाला लागला. काम कसले, तर बाटल्या धुणे, भट्टीत जाळ घालणे, फरशी पुसणे. तो औषधविक्या संध्याकाळी आपल्या उमेदवारांना रसायनविद्येचे पाठ देत असे. पोरगा काम करता करता ऐके आणि ऐकलेले एका वहीत उतरवून ठेवी. एक दिवस ती वही मालकाच्या हाती लागली. बाटल्या धुणाऱ्याने टिपणे काढावीत, हे त्याला सहन झाले नाही. त्याने वही फाडून टाकली. पोरगा ढसढसा रडला आणि थोड्याच दिवसांत खिशात मोजके पैसे घेऊन पॅरिसची वाट धरून निघून गेला.

ही हकीकत वाचली त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ ओटीवर बसून राहिलो. का, ते शेवटी सांगेन.

पॅरिसमध्ये व्होक्लँचे हाल झाले. आजारी पडून इस्पितळात राहावे लागले. बाहेर पडल्यावर एका भल्या औषधविक्याने त्याला ठेवून घेतले. त्या गृहस्थाचा नातलग म्हणजे फूरक्र्वा, त्या काळच्या फ्रान्समधला नामांकित रसायनशास्त्रज्ञ. त्याने ह्या मुलाची हुशारी पाहिली आणि त्याला आपल्या प्रयोगशाळेत घेतले. प्रथम मदतनीस म्हणून, आणि पुढे बरोबरीचा सोबती म्हणून. फूरक्र्वाच्या घरी त्याच्या बहिणी होत्या. हा मुलगा आजारी पडला तेव्हा त्यांनी त्याची शुश्रूषा केली. पुढे भाऊ गेल्यावर ह्या म्हाताऱ्या बहिणींना व्होक्लँने आपल्या घरी नेले आणि अखेरपर्यंत सांभाळले. शास्त्रज्ञांच्या चरित्रांत असल्या गोष्टी दोन ओळींत उरकतात. मला त्या दोन ओळी शोधाइतक्याच मोठ्या वाटतात.

मध्यंतरी फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, राजा गेला, पुष्कळांची डोकी उडाली. त्या धुमाळीतून बाहेर पडून १७९७ मध्ये व्होक्लँने ते सैबेरियाचे तांबडे शिसे पुन्हा हाती घेतले. पुन्हा म्हणायचे कारण असे, की काही वर्षांपूर्वी त्याने ते एकदा तपासले होते आणि तेव्हा त्यालाही त्यातले मर्म सापडले नव्हते. ह्या खेपेला त्याने दगडाची पूड पोटॅशच्या पाण्यात उकळली. शिसे खाली बसले आणि वर राहिले सुरेख पिवळे पाणी. त्यात पाऱ्याचा क्षार घातला तर लाल साका, शिशाचा घातला तर पिवळा साका, आणि आम्ल व कथलाचा क्षार घालताच सारे पाणी हिरवे. एकच पदार्थ, आणि क्षणोक्षणी वेष बदलणारा! बहुरूप्यासारखा. पुढे १७९८ मध्ये त्याने ह्या द्रव्याची भुकटी कोळशाबरोबर मुशीत घालून कडक आच दिली. मूस थंड झाल्यावर तळाशी सुयांसारखे करड्या रंगाचे धातूचे काटे मिळाले. आजवर कोणी न पाहिलेला धातू.

नाव काय ठेवावे? फूरक्र्वा आणि खनिजतज्ज्ञ आयुई ह्यांनी सुचवले, ग्रीक भाषेत 'क्रोमा' म्हणजे रंग. ह्याला क्रोम म्हणा. गंमत अशी की धातू स्वतः करडा, पोलादासारखा; पण ज्याच्यात मिसळेल त्याला रंग देतो. व्होक्लँने त्याच वर्षी पन्ना तपासला. त्याची हिरवाई ह्याच धातूची निघाली. माणकातही तोच सापडला. वाचकहो, आपल्या पेठांतले जवाहिरे ज्यांना दोन वेगळ्या ग्रहांची रत्ने म्हणून विकतात, एक सूर्याचे, एक बुधाचे, त्या माणकाची लाली आणि पन्न्याची हिरवाई एकाच धातूच्या कणांतून आलेली आहे! त्याचे प्रमाणही अत्यल्प. माणिक म्हणजे मूळचे बिनरंगी कुरुंद. त्यातल्या ॲल्युमिनियमच्या काही अणूंच्या जागी क्रोमियमचे अणू जाऊन बसले, की दगडाचे माणिक होते. चिमूटभर कुंकवाने कपाळ पालटावे तसे.

आणखी एक योगायोग सांगतो. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन ह्याने जगातला पहिला लेसर पेटवला. त्याच्या पोटात होती कृत्रिम माणकाची एक लहानशी कांडी, आणि तो लाल झोत निघाला तो तिच्यातल्या क्रोमियमच्या अणूंतून. व्होक्लँचा जन्मदिवसही १६ मेच. जन्मदिवसाची अशी आरास कोणाच्या वाट्याला येणार?

व्होक्लँनंतर थोड्याच काळात क्रोमियमचे खनिज ठिकठिकाणी मिळू लागले. लाल नव्हे, तर काळेभोर, जड. त्याला क्रोमाइट म्हणतात. त्यात लोखंड आणि क्रोमियम दोन्ही असतात. पहिल्यांदा ते फ्रान्समध्ये सापडले, मग अमेरिकेत, तुर्कस्तानात. आता दक्षिण आफ्रिका त्यात सर्वांपुढे आहे. आपल्या देशातले जवळजवळ सारे साठे ओडिशात, जाजपूर जिल्ह्यातल्या सुकिंदा खोऱ्यात आहेत. पण आमच्या सिंधुदुर्गालाही त्याचा चिमूटभर वाटा मिळालेला आहे. कणकवलीजवळ जानवली आणि वागदे येथे क्रोमाइटचे लहान साठे आहेत. ज्या रस्त्याने मी शेकडो वेळा एस.टी.ने गेलो, त्याच्या बाजूच्या मातीत हा बहुरूपी झोपलेला आहे, हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळले.

खनिज मुबलक झाले, तसे त्याचे रंग कारखान्यांत बनू लागले. क्रोम पिवळा हा रंग गाड्यांवर चढला, दारांवर चढला आणि चित्रकारांच्या नळ्यांत भरला गेला. व्हिन्सेंट व्हान गॉग ह्या डच चित्रकाराने १८८८ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या आर्ल गावी सूर्यफुले काढली, ती ह्या रंगाने. आज त्या जातीच्या काही चित्रांतला पिवळा रंग काळवंडतो आहे. २०११ मध्ये बेल्जियम, इटली, फ्रान्स अशा देशांच्या शास्त्रज्ञांनी प्रखर क्ष-किरणांखाली त्याचे कारण शोधले. उजेडाने पिवळ्या क्रोमियमचे रूप पालटते आणि तो हळूहळू हिरवट होऊ लागतो, त्यामुळे वरचा थर तपकिरी दिसतो. व्होक्लँच्या काचेत जे क्षणात घडले तेच सूर्यफुलांत सव्वाशे वर्षे सावकाश घडत होते.

रंगाइतकाच हा धातू चामड्याच्या कामी आला. पूर्वी कातडी कमवायची म्हणजे बाभळीची साल, हिरडा ह्यांच्या पाण्यात ती आठवडेच्या आठवडे भिजत ठेवायची. कोल्हापुरी चप्पल परंपरेने अशाच कातड्याची. १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ ह्याने अमेरिकेत क्रोमियमच्या क्षारांनी कातडी कमवण्याच्या कृतीचे पेटंट घेतले आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. आपल्याकडे मद्रास इलाख्यात आल्फ्रेड चॅटर्टन ह्याने १९०३ पासून त्याचे प्रयोग केले. पुढे १९१२ मध्ये चेंबर्स नावाच्या गृहस्थाने मद्रासजवळ क्रोम चामड्याचा कारखाना काढला. त्या कारखान्यावरून त्या वस्तीचे नाव पडले क्रोमपेट. आजही चेन्नईला लोकलने जाताना हे स्टेशन लागते. नदीवरून, देवावरून, राजावरून पडलेली गावे पुष्कळ; धातूवरून पडलेले हे एक.

इथवर सारी शोभाच सांगितली. पण हा बहुरूपी आहे हे विसरून चालणार नाही. त्याचे हिरवे रूप बहुतांशी निरुपद्रवी आहे. पिवळे-केशरी रूप जहाल विष आहे. रसायनशास्त्र त्यांना अनुक्रमे तीन संयुजेचे आणि सहा संयुजेचे क्रोमियम म्हणते. आपण रंगावरूनच ओळखू. हे पिवळे-केशरी रूप कातडीला लागले तर खोल व्रण पडतात, श्वासातून गेले तर नाकातला मधला पडदा सडून भोक पडते, आणि पुढे फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ रदरग्लेन येथे अशा क्षारांचा मोठा कारखाना होता. कामगार दिवसाचे बारा तास, आठवड्याचे सातही दिवस त्या धुळीत उभे असत. त्यांच्या नाकांना भोके होती आणि हातांवर चट्टे होते. कारखान्याचे मालक लॉर्ड ओव्हरटाउन मोठे धार्मिक म्हणून प्रसिद्ध. देवधर्माला, दानधर्माला सढळ हाताने पैसे देणारे आणि रविवारी कोणी काम करू नये असा प्रचार करणारे! त्यांच्याच भट्ट्या मात्र रविवारीही पेटलेल्या. १८९९ मध्ये केर हार्डी ह्या मजूर पुढाऱ्याने पत्रके काढून हे सारे चव्हाट्यावर मांडले. हार्डी स्वतः लहानपणापासून कोळशाच्या खाणीत राबलेला, शाळेत न गेलेला माणूस. कारखाना पुढे १९६७ पर्यंत चालला. तिथला टाकाऊ माल भोवतालच्या जमिनीत भराव म्हणून टाकला होता. त्याचे निस्तरणे एकविसाव्या शतकापर्यंत चालू राहिले.

आणि आपणही फार दूर नाही. २००७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संस्थेने जगातल्या अतिप्रदूषित दहा ठिकाणांची यादी काढली, तीत आपले सुकिंदा होते. खाणींतून येणाऱ्या पाण्यात हेच पिवळे विष उतरले होते. माझ्या आईचा डबा कुठल्या खाणीच्या धातूचा, मला ठाऊक नाही. पण कोणाच्या तरी घोटभर पाण्याचा त्याच्याशी संबंध असू शकतो, हे जाणून मग तो हातात घ्यावा.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ.

इंग्लंडातले शेफील्ड गाव सुऱ्या-कात्र्यांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध. तिथे १८७१ मध्ये हॅरी ब्रिअर्ली जन्मला. बाप फर्थ कंपनीच्या पोलादाच्या भट्टीवर कामगार. घर अंधाऱ्या गल्लीत, खाणारी तोंडे पुष्कळ. बाराव्या वर्षी ह्याची शाळा सुटली आणि बापाच्या मागोमाग तो कारखान्यात गेला. थोड्याच दिवसांत त्याला कंपनीच्या प्रयोगशाळेत काम मिळाले. कोणते काम म्हणाल? बाटल्या धुण्याचे!

हे वाचून मी ताडकन उठलो. शंभर वर्षांच्या अंतराने तेच वय, तेच काम! मात्र शेफील्डच्या पोराच्या नशिबात वही फाडणारा मालक नव्हता. तिथल्या मुख्य रसायनतज्ज्ञाने त्याला हाताशी धरले, गणित शिकायला लावले, रात्रीच्या शाळेत धाडले. बाटल्या धुता धुता पोरगा पृथक्करण शिकला, आणि १९०८ मध्ये दोन पोलाद कंपन्यांनी मिळून जी संशोधनशाळा काढली तिचा तो प्रमुख झाला.

१९१२ मध्ये त्याच्यापुढे बंदुकांचा प्रश्न आला. गोळ्या झाडून झाडून नळ्या आतून झिजत. त्यावर उपाय म्हणून तो पोलादात क्रोमियम मिसळून पाहू लागला. ऑगस्ट १९१३ मध्ये ओतलेल्या एका पोलादात शंभरात १२.८ भाग क्रोमियम होते. सूक्ष्मदर्शकाखाली पोलाद पाहायचे तर आधी त्यावर आम्ल लावून ते किंचित खाववावे लागते. हे पोलाद आम्लाला दाद देईना! दुसरा एखादा नमुना निकामी म्हणून बाजूला टाकता. ब्रिअर्ली शेफील्डचा पोर होता. त्याला सुरी आठवली. त्याने व्हिनेगर लावून पाहिले, लिंबाचा रस लावून पाहिला. डाग नाही. भंगाराच्या ढिगात एकच तुकडा चमकताना दिसला आणि शोध लागला, अशी एक दंतकथा सांगतात. पण खरी गोष्ट ही आहे आणि ती मला अधिक आवडते. ढिगात चमकणारे कोणालाही दिसते. न जमलेल्या कामात अर्थ दिसायला घरची भांडी आठवावी लागतात.

इतिहासाचा मास्तर म्हणून एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. ह्या शोधाचे वारस पुष्कळ आहेत. १८२१ मध्येच बेर्तिए ह्या फ्रेंच माणसाने लोखंडात क्रोमियम घातले तर ते आम्लाला टिकते असे पाहिले होते, आणि सुऱ्यांसाठी ते उपयोगी पडेल असेही सुचवले होते. जर्मनीत क्रुप कंपनीच्या माणसांनी १९१२ मध्ये क्रोमियम आणि निकेल ह्यांच्या पोलादाची पेटंटे घेतली. अमेरिकेतही एकाने हक्क सांगितला. पण जेवणाच्या ताटापर्यंत ही वाट आणली ती मुख्यतः ब्रिअर्लीच्या हट्टाने.

आणि तो हट्टच होता. कंपनीला सुऱ्यांत रस नव्हता. सुरीकारांनी पहिल्या सुऱ्या करून पाहिल्या; धार नीट चढेना. न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा म्हणून त्याची थट्टा झाली. अखेर अर्नेस्ट स्टुअर्ट नावाचा एक सुरीकार भेटला. त्याने चिकाटीने योग्य आच शोधून काढली आणि सुरी व्हिनेगरमध्ये बुडवून पाहून तिला नाव दिले 'स्टेनलेस', डाग न पडणारी. तेच नाव आज आपल्या स्वयंपाकघरात नांदते आहे. हक्कांवरून ब्रिअर्लीचे कंपनीशी वाजले आणि १९१५ मध्ये तो नोकरी सोडून गेला. त्याच्या जागी आलेल्या हॅटफील्डने १९२४ मध्ये शंभरात अठरा भाग क्रोमियम आणि आठ भाग निकेल असे पोलाद केले. आपल्या काही ताटांच्या पाठीवर '१८/८' असे कोरलेले दिसते, ते हे.

आता उत्तर. विळी गंजते आणि ताट गंजत नाही, ते का? लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. तो सुटून पडतो, आतले ताजे लोखंड उघडे पडते, तेही गंजते. असे करत सारी विळी संपते. क्रोमियमही हवेशी संयोग पावते. किंबहुना लोखंडाच्या आधी धावून जाते. पण त्याचा थर घट्ट, अखंड, पाणी आणि हवा आत न सोडणारा असतो. तो इतका पातळ की असे दहा लाख थर एकावर एक रचले तर त्यांची जाडी दोनतीन मिलिमीटर होईल! डोळ्यांना तो दिसत नाही. काथ्याने घासताना ओरखडा पडला, तर तिथले क्रोमियम लगेच पुढे होते आणि हवेतला प्राणवायू घेऊन जखम भरून काढते. रोज ओरखडे आणि रोज भरणे. म्हणजे ताटावर मुलामा दिलेला नाही. त्याची कातडी आतून येते. पितळेला कल्हई बाहेरून लावावी लागते, स्टील आपली कल्हई आपणच करते. कल्हईवाला आमच्या गल्लीतून दिसेनासा झाला तो ह्यामुळे.

हे मी त्या मुलीला सांगितले. तिने नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मग सर, त्या क्रोमियमलाच गंज चढतो, म्हणून लोखंड वाचतं?" वर्षभर वाचून मला जे कळले ते तिने एका वाक्यात सांगितले.

आता राहिलेले सांगतो. वीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत नवा मास्तर होतो. तिथल्या शिपाईमामांचा पुतण्या, सातवीत शाळा सुटलेला, प्रयोगशाळेत काकाच्या हाताखाली परीक्षानळ्या धुवायला येई. माझा वर्ग शेजारी होता. एक दिवस मी आग्र्याहून सुटका शिकवत होतो, आणि मुले रंगली होती. पाहतो तो दाराशी हा पोर उभा. हातांतून पाणी ठिबकते आहे, तोंड उघडे राहिले आहे. मी म्हणालो, "काय रे, नळ्या धुऊन झाल्या वाटतं? इथे काय तमाशा आहे?" वर्ग हसला. तो गेला. मी पेटाऱ्यांची गोष्ट पुढे चालू केली. तो पुन्हा कधी दाराशी उभा राहिला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. मामा म्हणाले, गोव्याला हॉटेलात लागला.

मी कोणाची वही फाडली नव्हती. पण रूआँच्या त्या औषधविक्याची हकीकत वाचली तेव्हा ओटीवर मला त्याच्या हातांतून ठिबकणारे पाणी दिसत होते. वडिलांची गिरणी बंद पडून माझे शिक्षण थांबले, ह्याचे दुःख मी जन्मभर उगाळले. आणि माझ्या दाराशी जो आला त्याला मी हसण्यावारी घालवले. तो व्होक्लँ झाला असता असे मी म्हणत नाही. गोष्ट शेवटपर्यंत ऐकली असती, एवढे तरी झाले असते.

तेव्हापासून माझ्या तासाला वर्गाचे दार उघडे असते. हेडमास्तरांनी एकदा विचारले, "बाहेरचा गोंगाट येत नाही का हो?" येतो. पण आतलेही थोडे बाहेर जाते.

परवा आईने तो डबा पुसून माझ्या हाती दिला आणि म्हणाली, "माळ्यावर नको ठेवूस, चिवडा भरायचाय." मी तो उजेडात फिरवून पाहिला. वडील तेव्हा त्यात काय पाहत होते कोणास ठाऊक. मला त्यात माझाच चेहरा दिसला, थोडा वाकडा, पण स्वच्छ.